आत कोण ते नंतर, बाहेर कोण ते आधी सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी या प्रश्नाला मी हसून बगल देतो. बँकेतले सहकारी विचारतात, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पैपाहुणेही विचारतात: "ऑस्करची नामांकनं आली की तुम्ही मंडळी एवढी का भांडता? पुरस्कार अमेरिकेचा, मतं देणारे तिकडचे, त्यातले निम्मे सिनेमे इकडं लागतसुद्धा नाहीत. मग अमक्याला डावललं, तमकीवर अन्याय झाला म्हणून कोल्हापुरात बसून घसा कोरडा करण्यात तुम्हाला मिळतं काय?"

'कोल्हापुरात बसून' एवढ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. भारतीय माणसाला मिळालेलं पहिलं ऑस्कर कोल्हापूरच्या बाईचं आहे. भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर १९८३ साली त्यांना ते मिळालं. आपल्यामागं ती बाहुली नीट सांभाळली जाईल का, याची पुढं त्यांना काळजी वाटू लागली, तेव्हा २०१२ मध्ये त्यांनी ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्याच ताब्यात दिली. तेव्हा ऑस्करवर बोलायचा आमच्या गावाला हक्क आहे. हा मुद्दा संपला.

आता भांडणाचं. आम्ही पाच-सात जण, फिल्म सोसायटीच्या खेळांना जाऊन जाऊन ओळख झालेले. एकाचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, एक निवृत्त प्राध्यापकबाई आहेत, एकाचं औषधांचं दुकान आहे, आणि माझी भाची पुण्यात शिकते ती फोनवरून हजर असते. नामांकनं तिकडं भल्या सकाळी जाहीर होतात, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी सात. बाई भडंग घेऊन येतात, लेथवाला वर्कशॉपला कुलूप लावून येतो, आणि साडेसातच्या आत पहिला आवाज चढलेला असतो. कुस्तीचं बरं असतं; खासबागेत पाठ टेकली की निकाल लागला, दोन्ही बाजूंचे लोक फेटे सावरत घरी जातात. सिनेमात पाठ टेकतच नाही कुणाची, म्हणून तर आम्हाला काम आहे.

बरीच वर्षं हे भांडण म्हणजे नुसता गलका होता. जो तो आपल्या आवडत्याचं नाव घ्यायचा आणि 'अन्याय' हा शब्द टाकायचा. एका जानेवारीत मी असाच कुणाची तरी बाजू घेऊन तावातावानं बोलत होतो. लेथवाला शांतपणे भडंग खात होता. म्हणाला, "मर्दा, आत कुणाला घालायचं ते तू मघापासनं सांगालायस. भाईर कुणाला काढायचं, ते कोण सांगणार? जागा पाचच हाईत."

तेव्हापासून आमच्यात तो कायदाच झाला. डावललं म्हणायचं असेल तर ज्याच्या जागी तुमचा माणूस हवा त्याचं नाव घ्यायचं, आणि त्याचं काम आपण पाहिलेलं असलं पाहिजे. न पाहता कुणाला काढायचं नाही. या एका अटीनं आमचं निम्मं भांडण जागच्या जागी बसलं, आणि उरलेलं निम्मं फार चांगलं झालं, कारण आता प्रत्येकाला न आवडणारे सिनेमेही शेवटपर्यंत बघावे लागतात. गंमत म्हणजे खुद्द अकादमीला हे सुचायला २०२५ साल उजाडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केलं की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले नामांकन मिळालेले सगळे सिनेमे सदस्यानं पाहिलेले असले पाहिजेत. म्हणजे तोवर बहुतेक विभागांत न बघता मत देता येत होतं! लेथवाला त्या दिवसापासून 'अकादमी माझं ऐकती' असं सांगत फिरतो.

हा कायदा कसा चालतो त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'बार्बी'चं. २३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ. सिनेमानं जगभरात १४० कोटी डॉलरहून जास्त कमावलेले, आठ नामांकनंही मिळालेली, पण दिग्दर्शनाच्या यादीत ग्रेटा गरविगचं नाव नाही आणि अभिनेत्रींच्या यादीत मार्गो रॉबीचं नाही. वर केनची भूमिका करणाऱ्या रायन गॉस्लिंगला मात्र आहे. भाची फोनवर जवळजवळ ओरडतच होती. बायकांना पुरुषी जगात कसं गृहीत धरलं जातं यावर सिनेमा काढावा, आणि पुरस्कारवाल्यांनी नेमकं तेच करून दाखवावं, याचा तिला संताप आला होता. तिचा राग मला पटत होता. मग लेथवाल्यानं आपला प्रश्न टाकला.

दिग्दर्शनाची पाच नावं होती: क्रिस्टोफर नोलन, मार्टिन स्कॉर्सेसी, यॉर्गोस लँथिमॉस, जोनाथन ग्लेझर आणि जस्टिन त्रिए. त्रिए ही त्यांतली एकटी बाई, तिला काढायचा प्रश्नच नव्हता. ग्लेझरनं आउशवित्झच्या भिंतीला लागून असलेल्या घरातला सुखी संसार दाखवला होता आणि भिंतीपलीकडचं फक्त ऐकवलं होतं. त्याला काढा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. भाचीनं थोडा विचार करून स्कॉर्सेसीचं नाव घेतलं. दिग्दर्शनासाठीचं हे त्याचं दहावं नामांकन, आता पुरे, असं तिचं म्हणणं. त्यावर प्राध्यापकबाई उसळल्या. "म्हणजे म्हाताऱ्यानं चांगलं काम केलं तरी शिक्षा? तू सिनेमा वाईट आहे म्हणून त्याला काढ, दहावं आहे म्हणून नको काढूस." मग पुढचा तासभर आम्ही 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' हा साडेतीन तासांचा सिनेमा ओसेज लोकांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, बाजूनं सांगितला असता तर काय झालं असतं, यावर बोललो. गरविग कुठल्या कुठं राहिली. तुम्ही विचारता ना काय मिळतं, तर असा तास मिळतो. एरवी कोल्हापुरात एखाद्या आडवारी रात्री कोण कुणाशी ओसेज लोकांवर बोलणार होतं?

अभिनेत्रींच्या यादीत भाचीचं काम सोपं होतं. तिनं 'नायड'मधल्या अॅनेट बेनिंगचं नाव घेतलं आणि कुणी फारसा विरोध केला नाही. तेव्हा मी मधे तोंड घातलं. म्हटलं, ती जागा मोकळी होणारच असेल तर रॉबीला का? 'पास्ट लाइव्ह्ज'मधल्या ग्रेटा लीला का नको? सगळे गप्प. तिला डावललं म्हणून जगात कुठं फारशी ओरड झालीच नव्हती. हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय: ज्याच्या मागं आवाज मोठा, त्याचंच डावलणं दिसतं. ज्याचा सिनेमा गावात आलाच नाही त्याच्यावर अन्याय झाला हे कळणार कुणाला?

या कायद्याला एक वाईट बाजूही आहे, ती लपवत नाही. २०२३ मध्ये अँड्रिया रायझबरोला 'टू लेस्ली'साठी नामांकन मिळालं. सिनेमाची तिकीटबारी होती सत्तावीस हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या पडलेल्या मराठी सिनेमाइतकी. मोठमोठ्या नटनट्यांनी आपणहून तिची तारीफ केली आणि ती यादीत आली. लगेच उलटा प्रश्न सुरू झाला: हिनं जागा कुणाची खाल्ली? व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर या दोन कृष्णवर्णीय अभिनेत्री बाहेर राहिल्या होत्या. प्रचारात नियम मोडले का याची अकादमीनं तपासणी केली, आणि नामांकन कायम ठेवलं. त्या बिचारीनं केलं काय होतं, तर काम चांगलं केलं होतं. 'कुणाला काढायचं' हा प्रश्न सिनेमाबद्दल असतो तोवर ठीक. तो आत बसलेल्या माणसाच्या मानगुटीवर बसला की घाण होतो. आम्ही त्या वर्षी 'टू लेस्ली' मिळवून बघितला आणि एकमतानं तिला आत ठेवलं. आमच्या मताला कोण विचारतो म्हणा.

आता या सगळ्यामागचं गणित. आपल्या लोकांना ते चटकन कळतं, कारण आपण विधान परिषदेच्या निवडणुका बघितलेल्या आहेत. जुलै २०२४ आठवा. अकरा जागा, बारा उमेदवार, निवडून यायला तेवीस मतांचा कोटा, आणि बारावा कोण पडणार यावर आठवडाभर चॅनेलांचा धुमाकूळ. ऑस्करच्या बहुतेक विभागांची नामांकनं याच जातीच्या पद्धतीनं ठरतात. दिग्दर्शकांची नावं दिग्दर्शक निवडतात, नटांची नट, संकलकांची संकलक. सर्वोत्तम चित्रपटासाठी तेवढे सगळे. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो. समजा दिग्दर्शकांच्या शाखेतून सहाशे मतपत्रिका आल्या. जागा पाच. सहाशेला सहानं भागायचं आणि एक मिळवायचा, म्हणजे एकशे एक. एवढी मतं ज्याच्या वाट्याला आली तो आत. पहिल्या पसंतीची मतं ज्याला सगळ्यात कमी तो बाद, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची, असं करत खाली यायचं.

याचा अर्थ काय होतो बघा. तुमचं काम साडेचारशे जणांना आवडलं, पण सगळ्यांनी तुम्हाला चौथ्या-पाचव्या क्रमांकावर टाकलं, तर तुमची ती मतं मोजायची वेळ यायच्या आधीच तुम्ही बाद होता. उलट एखाद्या विचित्र, अवघड सिनेमावर शंभर-सव्वाशे माणसं जीव टाकत असतील तर तो बिनघोर आत जातो. नामांकनाच्या फेरीत सर्वांना बऱ्यापैकी आवडण्याला किंमत नाही, थोड्यांना फार आवडण्याला आहे. 'बार्बी'चं तेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. कट वगैरे काही नसेल. पुष्कळांच्या यादीत ती असेल, पण पहिल्या नंबरावर थोड्यांच्याच.

अंदाज म्हणतो, कारण खात्री कुणालाच देता येत नाही. मोजणी पीडब्ल्यूसी ही हिशेबतपासनीस कंपनी करते आणि मतांचे आकडे कधीच जाहीर होत नाहीत. (चुकीचं पाकीट हातात पडून 'मूनलाइट'ऐवजी 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं होतं २०१७ मध्ये, ते पाकीट देणारेही हेच.) गरविग सहावी आली की सोळावी, हे मोजणाऱ्यांखेरीज जगात कुणाला ठाऊक नाही. विधान परिषदेचा पडलेला उमेदवार निदान किती मतांनी पडला ते सांगू शकतो. इथं डावललं गेलेल्याला आपण पडलो की पाडले गेलो एवढंसुद्धा कळत नाही. आमच्यासारख्यांच्या भांडणाला रिकामी जागा मिळते ती इथं.

भांडून काय होतं, याचं उत्तर मात्र इतिहासात आहे. १९३४ च्या सिनेमांची नामांकनं आली तेव्हा 'ऑफ ह्यूमन बाँडेज'मधल्या बेटी डेव्हिसचं नाव त्यांत नव्हतं. हॉलिवूडमध्ये एवढा गहजब झाला की अकादमीला मतपत्रिकेवर बाहेरचं नाव हातानं लिहायची मुभा द्यावी लागली. बाई तरीही जिंकली नाही, ते क्लॉडेट कोल्बेरला मिळालं. पण पुढच्याच वर्षी हॅल मोर नावाच्या छायालेखकाला कुणी नामांकन दिलेलं नसताना नुसत्या हातानं लिहिलेल्या मतांवर ऑस्कर मिळालं. असं पुन्हा कधी झालं नाही, कारण मग ती मुभाच काढून घेतली. मला ही गोष्ट फार आवडते. बेटी डेव्हिससाठी भांडले लोक, आणि फळ मिळालं कॅमेऱ्यामागच्या माणसाला.

अलीकडचं बोलायचं तर जानेवारी २००९ मध्ये 'द डार्क नाइट' सर्वोत्तम चित्रपटाच्या पाचांत आला नाही, 'वॉल-ई'ही नाही. ओरड झाली. त्याच वर्षी जूनमध्ये अकादमीनं पाचाच्या दहा जागा करून टाकल्या. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली, तेव्हा एका हॅशटॅगवरून सुरू झालेल्या भांडणानं अकादमीला आपली सदस्यसंख्याच नव्यानं बांधायला लावली. बाहेरच्या देशांतले पुष्कळ सदस्य त्यानंतर आले. त्रिए, ग्लेझर, लँथिमॉस एकाच यादीत दिसतात त्याचं एक कारण हे असणार. म्हणजे एका भांडणानं जे दार उघडलं त्यातूनच आलेल्या लोकांनी, कोण जाणे, 'बार्बी'ची जागा घेतली असेल. लेथवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग बरोबर हाय की."

आता घरचं. मराठी माणसाला ऑस्करचं दुखणं पहिल्यांदा लागलं ते 'श्वास'मुळं. २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर पहिल्यांदाच मराठीला, आणि पाठोपाठ भारताकडून तोच ऑस्करला जाणार असं ठरलं. तिकडं जाऊन सिनेमा दाखवायचा, जाहिराती करायच्या, माणसं गोळा करायची, तर पैसा लागतो, आणि संदीप सावंत यांच्या मंडळींकडं तो नव्हता. तेव्हा महाराष्ट्रात चक्क लोकवर्गणी जमली. संस्थांनी दिले, शाळा-कॉलेजांनी दिले, ज्यांनी आयुष्यात इंग्रजी सिनेमा पाहिला नव्हता त्यांनी दिले. डोळे काढल्याशिवाय जीव वाचत नाही असा नातू आणि त्याला ऑपरेशनच्या आधी एकदा जग दाखवून आणणारा आजोबा; वर्गणी मागायला याहून जास्त काही सांगावं लागत नव्हतं.

जानेवारी २००५ मध्ये परभाषेच्या विभागाची पाच नावं आली, त्यांत 'श्वास' नव्हता. तेव्हा आपल्याकडं सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: पैसा कमी पडला. मीही तेच म्हणत होतो. कित्येक वर्षांनी लेथवाल्याच्या कायद्यानं ती यादी आम्ही पुन्हा काढली आणि पाचही सिनेमे मिळवून बघितले. जिंकला तो स्पेनचा 'द सी इन्साइड', गळ्याखालचं शरीर लुळं पडलेल्या माणसानं मरायची परवानगी मागण्याची गोष्ट. त्याला हात लावायची आमची छाती झाली नाही. जर्मनीचा 'डाउनफॉल', हिटलरचे शेवटचे दिवस, तो पक्का. दक्षिण आफ्रिकेचा 'यस्टर्डे', एड्स झालेल्या आईला मुलीला एकदा शाळेत गेलेलं बघायचंय. बाईंनी त्याच्यापुढं हात जोडले. राहिले दोन. फ्रान्सचा 'द कोरस', बोर्डिंगातल्या वांड पोरांना एक मास्तर गाणं शिकवतो. आणि स्वीडनचा 'अॅज इट इज इन हेवन', एक मोठा संगीतकार गावी परततो आणि गावकऱ्यांना गाणं शिकवतो. पाचांत दोन सिनेमे समूहगायनाचे! यांतला एक काढून 'श्वास' बसला असता, असं माझं आजही ठाम मत आहे. मी स्वीडनचा काढला, औषधवाल्यानं फ्रान्सचा. पण पैसा कमी पडला म्हणण्यापेक्षा हे म्हणताना मला बरं वाटलं, कारण आता माझ्याकडं नाव होतं, आणि कारण होतं.

मात्र खरं डावलणं अमेरिकेत होत नाही, असं मला अलीकडं वाटू लागलंय. परभाषेच्या विभागात २०२५ पर्यंत तरी एका देशाकडून एकच सिनेमा जात आला, आणि तो त्या देशातली समिती निवडत आली. आपल्याकडं हे काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाचं. इथं सहाशे मतपत्रिका नाहीत, कोटा नाही, पसंतीक्रम नाही. एका खोलीत दहा-पंधरा माणसं बसतात आणि उठतात तेव्हा एक नाव असतं. २०१३ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात गाजून आलेला, मुंबईच्या डबेवाल्यांच्या चुकीवर उभा असलेला 'द लंचबॉक्स' मागं ठेवून गुजराती 'द गुड रोड' गेला, तेव्हा केवढा धुरळा उडाला होता. २०२० मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. मराठी सिनेमा, ख्याल गाणाऱ्या, पण आपण मोठे गवई होणार नाही हे हळूहळू कळत जाणाऱ्या माणसाचा. भारताकडून गेला मल्याळम 'जल्लिकट्टू'. इथं कायदा मला जड गेला, कारण 'जल्लिकट्टू' मला मनापासून आवडतो; सुटलेल्या रेड्यामागं धावणारं ते गाव विसरता येत नाही. तरीही मी काढला असता.

ही खोड आपलीच आहे असं नाही. २०२३ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार जिंकलेला त्रिएचा 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' फ्रान्सनं स्वतःच पाठवला नाही, दुसराच पाठवला. तो पाचांत आलाही नाही, आणि न पाठवलेल्या सिनेमानं मुख्य विभागांत पाच नामांकनं मिळवून मूळ पटकथेचं ऑस्करही नेलं.

दुसऱ्या वर्षी पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'चं झालं ते यापुढचं. पायल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली. तीस वर्षांनी भारताचा सिनेमा कानच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. आपल्याकडून गेला 'लापता लेडीज'. फ्रान्सचा पैसा त्यात असल्यानं फ्रान्सनंही पायलचा सिनेमा विचारात घेतला होता, पण त्यांनी 'एमिलिया पेरेझ' पाठवला. दोन देशांच्या दारात उभा राहिलेला सिनेमा दोन्हीकडून परत. भारतात घडणारा युरोपीय सिनेमा बघतोय असं ज्युरीला वाटलं, अशा अर्थाचं फेडरेशनच्या अध्यक्षांचं म्हणणं तेव्हा छापून आलं. ज्युरीत तेरा पुरुष होते. तेरा. 'लापता लेडीज' पुढं नामांकनांच्या आधी निघणाऱ्या पंधरांच्या यादीतही पोहोचला नाही.

इथं आईला मधे आणावं लागेल. तुमचा प्रश्न आईही विचारायची, "काय मिळतंय रे भांडून" म्हणून. २०२२ च्या सोहळ्यात वर्षभरात गेलेल्यांची आठवण दाखवली त्यात लताबाई नव्हत्या, दिलीपकुमारही नव्हते, तेव्हा मात्र तिनं दिवसभर घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर तिनं तो प्रश्न विचारला नाही. तर पायलचा हा सिनेमा मोबाइलवाल्यांच्या अॅपवर आला तेव्हा मी तो तिला टीव्हीवर लावून दिला. मल्याळी नर्सांच्या गोष्टीत ती जरा चुळबुळली. छाया कदम आल्या तशी सावरून बसली. त्यातली पार्वती रत्नागिरीकडची, दवाखान्यात स्वयंपाक करणारी, नवरा गिरणीत होता तो गेलेला; आणि जिथं संसार केला त्या खोलीचा कागद तिच्याकडं नाही म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय. आई म्हणाली, "अगं बाई, हे तर आमच्या लालबागच्या ताईचं. तिला तरी कुठं कागद मिळाला होता?" माझी मावशी. मावसा गिरणीतले, संपानंतर पुन्हा कामावर गेलेच नाहीत. युरोप-बिरोप आईला कुठं दिसला नाही.

मग मी लेथवाल्याला सांगितलं, 'लापता लेडीज' मला आवडला, पण मी तो काढतो आणि पायलचा पाठवतो. तो म्हणाला, "आईला विचारलास काय?" विचारलं. आईनं 'लापता लेडीज' दोनदा बघितला होता, तिला दोन्ही हवे होते. एका देशाचा एकच, असा नियम आहे म्हटल्यावर तिनं विचारलं, "एवढ्या भाषा आपल्या. एकच कसा? कुणी केलाय हा नियम?"

त्या रात्री आमचं भांडण पायलवरून सुटलं आणि या नियमावर जाऊन बसलं, ते अजून उठलेलं नाही. माझं म्हणणं, नियमच मोडीत काढा. इराणच्या मोहम्मद रसूलोफचा सिनेमा २०२४ मध्ये जर्मनीच्या नावानं गेला, कारण त्याचं सरकार त्याला तुरुंगात टाकायला बसलं होतं. देशाला विचारून सिनेमा घ्यायचाच कशाला? रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'नं २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेतला, त्या वर्षी आपल्याकडून 'होमबाउंड' गेला. दोन्ही जाऊ शकले असते. लेथवाला मान हलवतो. त्याचं म्हणणं, दार सताड उघडलं तर ज्याच्याकडं लॉस एंजेलिसला महिनाभर जाहिराती लावायला पैसा आहे तोच आत जाणार, आणि 'श्वास'सारख्याला निदान देशाचं नाव लावून उभं राहता येत होतं तेही जाईल. बाई त्याच्या बाजूला आहेत. भाची माझ्या. औषधवाला म्हणतो, भाषेगणिक एक पाठवू द्या, आणि मग कोकणीचा कोण पाठवणार, गोवा की कर्नाटक, यावर आम्ही नवीनच भांडण काढलंय. पुढच्या जानेवारीत संध्याकाळी सातला मोकळे असाल तर या. बाई भडंग जास्तीचं आणतात. फक्त येताना तुमचा एक आत आणि एक बाहेर ठरवून या.